हमाली करायला खेळ घेतला नव्हता

डोंबिवलीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३७. नोकरी लोअर परळला, एका कंपनीच्या हिशेब खात्यात. घरी पोचेपर्यंत साडेआठ होतात. जेवण, मुलीचा अभ्यास, तिला झोपवणं हे सगळं उरकून अकराच्या सुमारास ते संगणकासमोर बसतात. आठवड्यातून चार रात्री, दीड-दीड तास. रोल-प्लेइंग गेम्सचं, म्हणजे एखादं पात्र होऊन लांबलचक गोष्ट खेळायच्या खेळांचं, वेड कॉलेजपासूनचं. लॅमिंग्टन रोडवरून एकेक पार्ट आणून स्वतः जुळवलेला पीसी आहे आणि त्यावर सध्या ‘द विचर ३’ चालू आहे. पैसे घेऊन राक्षस मारणारा एक ‘विचर’ आपल्या हरवलेल्या मानलेल्या मुलीला शोधायला निघतो, अशी त्याची गोष्ट. बावीस तास खेळून झाले तरी गोष्ट जागची हललेली नाही. ‘निम्मा वेळ पानंफुलं खुडण्यात आणि पोतं लावण्यात जातो. काय विकायचं, काय मोडायचं, काय ठेवायचं. परवा तासभर बसलो आणि एकही राक्षस मारला नाही,’ असं ते लिहितात. मेहुणा म्हणतो, भावोजी, तुमच्यातला गेमर संपला. बायको विचारते, हे काम आहे की खेळ? पण तीच बायको लोकलमध्ये फोनवर ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ खेळते, रोज झारीने पिकाला पाणी घालते आणि तिला कंटाळा येत नाही. त्यांचं विचारणं असं: माझा संयम संपलाय का? सोप्या पातळीवर किंवा मॉड, म्हणजे खेळाचे नियम बदलणारी जोड, लावून खेळणं ही फसवणूक आहे का? की हे सगळंच आता सोडून द्यावं?

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, नोकरीने आणि प्रवासाने दमलेल्या माणसाचं पत्र आहे, दोन आठवडे पुरेशी झोप मिळाली तरी बरं वाटेल. दुसऱ्यांदा वाचताना मधलाच एक परिच्छेद नजरेत भरला. खेळाच्या सुरुवातीच्या मुलखात, व्हाइट ऑर्चर्डमध्ये, विहिरीपाशी भर दुपारी दिसणाऱ्या भुताचं काम तुम्ही घेतलंत. पडक्या घरांतल्या खुणा एकेक करून बघितल्यात, विहिरीत उतरून बुडालेलं कंकण वर आणलंत, त्या बाईचं काय झालं होतं ते समजून घेतलंत आणि मगच तलवार काढलीत. ‘त्या रात्री झोपायला दोन वाजले, पण वाईट वाटलं नाही,’ हे तुमचंच वाक्य. संयम संपलेला माणूस असं खेळत नाही. तो पहिल्याच मिनिटाला विहिरीकडे धावत सुटतो आणि मार खाऊन परत येतो.

तेव्हा संयमाची काळजी सोडा, तो शाबूत आहे. वय झालं, मोबाइलने डोकं बिघडवलं, ही कारणंही मला पटत नाहीत. त्यापेक्षा तुमच्या दिवसाकडे बघा. बँकेची नोंद आणि पुस्तकातली नोंद शेजारी ठेवायची, जुळते का बघायचं, नाही जुळली तर कुठला आकडा राहिला तो शोधायचा. आणि रात्री अकरा वाजता खेळ समोर काय ठेवतो? फुलं सात आहेत, हवीत दहा. सुतळी आहे, चामडं नाही. तलवारीचं वजन इतकं, पोत्यात जागा तितकी. हे तुमच्याच टेबलावरचं काम आहे आणि ते तुम्ही आठ तास करून आलेले असता. कंटाळा आला नसता तरच मला नवल वाटलं असतं.

ही हमाली या खेळांत आली कुठून, ते जरा सांगते, कारण उपायही तिथंच आहे. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापून आला. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती चार-पाच मित्र. संगणकावरच्या रोल-प्लेइंग खेळांचं मूळ तिथं आहे. हा खेळ रचणारी माणसं युद्धाचे नकाशावरचे खेळ खेळणारी, त्यामुळे त्यांना मोजदादीची सवय. कोण किती ओझं उचलू शकतो हे ते सोन्याच्या नाण्यांच्या वजनात मोजायचे. दहा नाणी म्हणजे एक पौंड, असा पुढे हिशेब ठरला. पण टेबलाच्या एका बाजूला खेळ चालवणारा माणूस बसलेला असायचा, त्याला डंजन मास्टर किंवा डीएम म्हणतात. समोरचे जांभया द्यायला लागले की तो म्हणायचा, बरं, बाजारहाट झाला असं धरा, चार दिवसांनी तुम्ही गुहेच्या तोंडाशी आहात, आत अंधार आहे, काय करता? एका वाक्यात चार दिवस आणि सगळं सामान निकालात.

संगणकावर नियम आले, वजन आलं, मोजदाद आली, फक्त समोरच्याच्या जांभया बघणारा तो माणूस आला नाही. संगणकाला मोजायचे कष्ट पडत नाहीत, म्हणून तो मोजत राहतो. पुढे ‘माइनक्राफ्ट’ २०११ मध्ये पूर्ण रूपात बाहेर आला. त्यात तीन बाय तीनच्या चौकटीत वस्तू मांडून नवी वस्तू बनवणं हाच खेळाचा जीव होता आणि तिथं ते शोभतंही. नंतर मात्र वस्तू बनवणं हे ज्याची गोष्ट मुळात वेगळीच आहे अशाही खेळांत येऊन बसलं. हरवलेल्या मुलीला शोधायला निघालेला माणूस वाटेत फुलं खुडत बसतो, ते यामुळे.

आता तुमच्या पत्रातल्या सगळ्यात चांगल्या प्रश्नाकडे येते, जो तुम्ही प्रश्न म्हणून विचारलेला नाही. तुमच्या बायकोला झारीचा कंटाळा का येत नाही?

माझी मावशी लालबागला चाळीत राहायची. एप्रिल-मे आला की वर्षाचा मसाला. मिरची गल्लीतून बेडगी आणि संकेश्वरी यायची, सोबत धणे, मिरी, लवंग, दगडफूल, नागकेशर, त्रिफळं. गॅलरीत चटयांवर मिरच्या पसरलेल्या असायच्या आणि आम्ही पोरं देठं काढायला बसायचो. नाकाला रुमाल बांधला तरी शिंका थांबायच्या नाहीत. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन. दुसऱ्या तासाला बोटं चुरचुरायला लागली आणि मी रडवेली होऊन म्हटलं, मावशी, मला नाही होत हे. वाटलं, आता ओरडणार. तिने मला उठवलं आणि आत स्टोव्हपाशी नेलं. लोखंडी कढईत धणे होते. हातात उलथनं दिलं आणि म्हणाली, ‘वास बदलला की हाक मार. आधी मारलीस तर कच्चे राहतील, उशिरा मारलीस तर कडू होतील.’

पुढची वीसेक मिनिटं माझी नजर कढईवरून हलली नाही. हात तसाच फिरवायचा होता, तेवढाच उकाडा होता, पण आता नाक सगळं काम करत होतं. धण्यांचा हिरवट, ओलसर वास असतो, तो हळूहळू निघून जातो, मधे थोडा वेळ कसलाच वास येत नाही आणि मग एकदम खमंग सुटतो. त्या मधल्या वेळात माझी छाती धडधडत होती. मी हाक मारली. मावशीने चार दाणे उचलले, बोटांत चुरडले, हुंगले आणि कढई उतरवली. काही बोलली नाही, पण पुढच्या वर्षीपासून धणे माझ्याकडे आले.

आणखी काही वर्षांनी ती देठ काढलेली मिरची आणायला लागली. किलोमागे थोडे पैसे जास्त पडायचे. शेजारणी म्हणायच्या, अगं, घरी झालं असतं. ती म्हणायची, देठं कुणीही काढेल. पण भाजणं तिने कुणा परक्याच्या हाती दिलं नाही आणि डंकावर मसाला कुटायला टाकला की तो हाती येईपर्यंत ती तिथून हलायची नाही.

तुमच्या खेळातलं प्रत्येक काम मला या दोन ढिगांत टाकून बघावंसं वाटतं: हे देठ काढणं आहे की धणे भाजणं? ज्यात तुमचं नाक, तुमचा निर्णय लागतो, चुकलात तर काहीतरी बिघडतं आणि जमलं तर ते तुमचं असतं, ते भाजणं. ज्यात नुसतं बटण दाबून धरायचं आणि पट्टी भरेपर्यंत थांबायचं, ती देठं.

स्टारड्यूमध्ये झारीने पाणी घालणं हे खरं तर देठ काढणंच आहे. पण तो खेळ एका माणसाने, एरिक बॅरोनने, एकट्याने बनवलाय, २०१६ साली, आणि त्याने मावशीसारखाच विचार केलाय. शेतीत थोडं पुढं गेलात की तुषारसिंचनाची तोटी बनवता येते. पहिली चार चौकटींना पाणी घालते, पुढची आठ, शेवटची चोवीस. झारी जवळजवळ हातातून सुटते आणि तेवढी सकाळ मोकळी होते. मग त्या वेळात मासे पकडायचे, खाणीत उतरायचं की गावात कुणाच्या घरी भेट घेऊन जायचं, हे ठरवायचं. शिवाय त्यात दिवस छोटे असतात. काही स्टेशनं जाईपर्यंत एक दिवस संपतो आणि काहीतरी पुरं झाल्यासारखं वाटतं. कंटाळवाणं काम तुमच्या बायकोलाही आहे, पण ते सुटत जाणार हे तिला दिसतंय. तुम्हाला बावीस तासांत ते दिसलेलं नाही.

मजा अशी की ‘विचर’मध्येही ते सुटतं, फक्त खेळ ते नीट सांगत नाही. जखम भरून काढणारा ‘स्वॉलो’ नावाचा काढा घ्या. ड्वार्फ म्हणजे बुटक्या लोकांची दारू, पाण्यातल्या ड्राउनर नावाच्या राक्षसाचा मेंदू आणि सेलंडाइनची पाच फुलं. हे एकदाच जमवायचं. एकदा काढा बनला, की पुढे नुसतं ध्यानाला बसायचं, पोत्यात कडक दारूची एखादी बाटली असली की रिकाम्या झालेल्या सगळ्या कुप्या आपोआप भरतात. तलवारीला लावायची तेलं तर एकदा बनवली की संपतच नाहीत. म्हणजे वाटेत दिसेल ते प्रत्येक फूल खुडायची गरज तुम्हाला कधीच नव्हती. घोड्यावरून उतरणं बंद करा. नव्या प्रकारचा काढा हवा असेल तेव्हा त्याच्यापुरतं काय लागतं ते बघा, नसेल ते वैद्याकडून विकत घ्या. चिलखताचंही तसंच. विचरांच्या घराण्यांचे वेगवेगळे संच आहेत, त्यातला एक निवडा. ग्रिफिन घराण्याच्या पहिल्या संचाचे आराखडे तुम्ही आत्ता आहात त्या वेलेन प्रदेशातच सापडतात, त्यांवरून तो संच बनवून घ्या. तो सोडून रस्त्यात मिळणारी बाकीची चिलखतं जिथं मिळतील तिथं विकून टाका, आकड्यांची तुलना करत बसू नका.

आता मेहुण्याच्या बोलण्याबद्दल. खरा गेमर सगळं निमूट करतो, असं त्याचं म्हणणं दिसतंय. ज्यांनी हे खेळ बनवले त्यांना तसं वाटत नाही. ‘विचर ३’ मे २०१५ मध्ये आला, तेव्हा औषधांच्या आणि चिलखतांच्या कच्च्या मालालाही वजन होतं आणि सामान ठेवायला पेटी नव्हती. लोक वैतागले. जुलैमध्ये कंपनीने सुधारणा आणली, कच्च्या मालाचं वजन काढून टाकलं आणि गावोगावी पेटी दिली. दोन महिन्यांत. ‘झेल्डा’च्या २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये एकच पदार्थ दहा वेळा करायचा तर दहाही वेळा जिन्नस एकेक करून हातात घ्यावे लागायचे. २०२३ च्या ‘टियर्स ऑफ द किंगडम’मध्ये पाककृती लक्षात ठेवली जाते. ‘मास इफेक्ट’च्या पहिल्या भागात, २००७ साली, दीडशे वस्तू झाल्या की पोतं भरायचं आणि एकेक वस्तू वितळवत बसावं लागायचं. २०१० च्या दुसऱ्या भागात बनवणाऱ्यांनी ते पोतंच काढून टाकलं. तुमची तक्रार ही अशा सुधारणांच्या मागे उभी असलेली तक्रार आहे, तिची लाज वाटायचं कारण नाही.

अर्थात पोतं काढलं म्हणून हमाली गेली असं नाही. त्याच ‘मास इफेक्ट २’मध्ये ग्रहांवरचं खनिज शोधायला पडद्यावर हळूहळू गोल फिरवत बसायचं काम आलं आणि अनेकांना ते जुन्या पोत्याहून जड गेलं. दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये शस्त्रं मोडतात आणि त्यावर पुष्कळ लोक चिडले. पण ती मोडतात म्हणून तर तुम्ही झाडाच्या फांदीने लढता, शत्रूचा भाला हिसकावता, दगड ढकलता. ‘फॉलआउट ४’च्या सर्व्हायव्हल पातळीवर बंदुकीच्या गोळ्यांनाही वजन आहे, तहानभूक आहे, नकाशावर बोट ठेवून कुठंही पोचायची सोय नाही आणि झोपल्याशिवाय खेळ सेव्ह होत नाही. तिथं पोतं भरणं म्हणजे जीवाचा प्रश्न. ज्यांना ते आवडतं त्यांना ते खरंच आवडतं आणि त्यांचं चुकत नाही. तुमचा मेहुणा कदाचित त्यातला असेल. त्याला धणे वाटतात ती तुम्हाला देठं वाटू शकतात. यावर वाद घालून रविवार घालवू नका.

आता जे सांगते ते थोडं टोचेल. ही सगळी हमाली खेळाने लादलेली नाही, बरीचशी तुम्ही स्वतः अंगावर घेतली आहे. तुम्ही लिहिलंय की तुमच्या पोत्यात दोर, सुतळ्या, मेणबत्त्या, कवट्या भरल्या आहेत आणि ‘उद्या लागेल म्हणून’ टाकवत नाहीत. मला हे फार ओळखीचं वाटलं. आपल्या मुंबईच्या घरांत ओट्याखाली पिशव्यांची एक पिशवी असते, श्रीखंडाचे रिकामे डबे असतात, लोणच्याच्या बरण्या असतात. जागा नसते तरी असतात. आपण ज्या घरांत वाढलो तिथं वस्तू टाकणं म्हणजे माज वाटायचा आणि ती शिकवण वाईट नव्हती. पण श्रीखंडाच्या डब्याला खरोखर उपयोग असतो, गणपतीत कुणाला तरी मोदक भरून द्यायचे असतात. कवटीची वाट कुणी बघत नाहीये.

त्याच सवयीचा दुसरा चेहरा म्हणजे औषधं जपून ठेवणं. शेवटच्या राक्षसासाठी म्हणून ठेवायची, शेवटचा राक्षस मरतो आणि पोत्यात साठ कुप्या तशाच. ‘स्कायरिम’मध्ये माझं अगदी असंच झालं होतं. शंभराहून जास्त काढे घेऊन मी तो खेळ संपवला आणि वाटेत कितीतरी लढाया मी निव्वळ चिक्कूपणामुळे हरले होते. तेव्हापासून मी एक नियम पाळते: बॉसच्या, म्हणजे मोठ्या राक्षसाच्या, आधीच्या साध्या लढाईतही एक तरी कुपी प्यायची. आणि ‘स्कायरिम’सारख्या खेळात उचलायचा नियम असा, की वजनाच्या दसपट किंमत नसेल तर वस्तूला हात लावायचा नाही. तिथं सुरुवातीला तीनशे वजन झेपतं, ते पार झालं की धावता येत नाही. एवढा एक भागाकार डोक्यात ठेवला की पोतं लावत बसायची वेळ क्वचितच येते. तुम्ही तर हिशेबाचे माणूस, तुम्हाला तो पापणी लवायच्या आत जमेल.

हिशेबाचंच निघालंय तर आणखी एक. तुम्ही म्हणता, पैसे भरलेत, पूर्ण वसूल करायला हवेत. पैसे गेले ते गेले, आता तुम्ही वेळ भरताय. आठवड्याला तुमच्याकडे सहा तास. ‘विचर ३’ची मुख्य गोष्ट साधारण ५० तासांची. सगळे सहा तास गोष्टीला दिलेत तर दोन महिन्यांत शेवट बघाल. निम्मे हमालीत गेले तर चार महिने, आणि चार महिने कुणी थांबत नाही, मधेच खेळ सुटतो. तो नकाशावरचे सगळे प्रश्नचिन्हांचे ठिपके पुसण्यासाठी घेतला नव्हता. ते ठिपके नकाशावरून लपवायची सोयही आहे. आधी ती करा, मन शांत होईल.

फसवणुकीचा प्रश्न राहिला. दुसऱ्या माणसाशी स्पर्धा असेल तिथं मॉड लावणं फसवणूक आहे, त्यात दुमत नाही. एकट्याने खेळायच्या खेळात तुम्ही फसवणार कुणाला? टेबलावरचा तो डीएम आता नाही, तर त्याची खुर्ची तुम्हीच घ्या. कंटाळा आला की बाजारहाट झाला असं धरा. ‘विचर’मध्ये काठिण्याची पातळी केव्हाही बदलता येते, सगळ्यात सोप्या पातळीचं नावच ‘फक्त गोष्ट’ अशा अर्थाचं आहे. मी तुम्हाला एकदम तिथं जा म्हणणार नाही, कारण भुताशी लढण्याआधीची तुमची तयारी मला आवडली आणि त्या पातळीवर तिची गरज उरणार नाही. तुमची अडचण लढाई नाही, पोतं आहे. तेव्हा पातळी तीच ठेवा आणि वजनाची मर्यादा उठवणारा मॉड लावा. पीसीवर आहात म्हणून हे सोपं आहे. लावण्याआधी सेव्ह फाइलची एक प्रत दुसरीकडे ठेवा. ‘स्कायरिम’ खेळणाऱ्यांना मॉडचीही गरज नाही, पीसीवर कन्सोल, म्हणजे आज्ञा लिहायची चौकट, उघडून एका ओळीची आज्ञा दिली की ओझ्याची मर्यादा वाढते. त्याच्या स्पेशल एडिशनमध्ये मॉड लावले तर अचीव्हमेंट, म्हणजे खेळातली पदकं, मिळणं बंद होऊ शकतं, ज्यांना त्यांची हौस आहे त्यांनी तेवढं लक्षात ठेवावं.

हेच दुखणं असलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. कंटाळा सामानाचा आहे की सोबत्यांना क्षणाक्षणाला हुकूम देण्याचा, हे आधी ओळखा, कारण औषध वेगळं आहे. हुकुमांचा कंटाळा असेल तर ‘फायनल फँटसी १२’ बघा. त्यात ‘सोबत्याचा जीव निम्म्याच्या खाली गेला की औषध दे’ असे नियम एकदा लिहून ठेवायचे आणि माणसं त्याप्रमाणे वागतात. २००६ सालचा खेळ, पण ही युक्ती अजून ताजी आहे. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये वस्तू बनवणं फारसं नाही आणि जड सामान जागच्या जागी छावणीत पाठवता येतं, पण लढाईत चौघांचीही प्रत्येक चाल तुम्हालाच करायची असते. सामानाला कंटाळलेल्यांनी जरूर घ्यावा, हुकुमांना कंटाळलेल्यांनी विचार करून. राज्यकारभाराचं ओझं नको असेल तर ‘पाथफाइंडर: किंगमेकर’मध्ये ते आपोआप चालू ठेवायची सोय आहे. त्याच्याच पुढच्या ‘रॅथ ऑफ द रायचस’मध्ये मात्र सैन्याचा कारभार आपोआप ठेवला तर गोष्टीचे काही भाग बंद होतात. दोन्ही कंटाळे असतील तर ‘डिस्को एलिसियम’. त्यात लढाई जवळजवळ नाही, सामान म्हणजे मुख्यतः अंगावरचे कपडे आणि बाकी सगळा खेळ माणसांशी बोलण्यात. आणि स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून नवीन काही घेतलंत तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. ते दोन तास नुसते सुरुवातीच्या चित्रफितीत घालवू नका, पोतं उघडून बघा.

घरच्यांबद्दल एक सुचवते. बायकोला असल्या कामात गोडी आहे आणि तुम्हाला नाही, तर एखाद्या रविवारी दोघं मिळून बसा. लढाई आणि संवाद तुमचे, काढे-चिलखतं तिची. मात्र आधी विचारा, आणि तिला मजा आली तरच पुढे चालू ठेवा. घरात तिच्या वाट्याला आधीच पुष्कळ आवराआवर असणार, त्यात तुमच्या पोत्याची भर नको.

सोडून द्यायचं का, याचं उत्तर मी आत्ता देणार नाही, कारण तुम्ही अजून हा खेळ हमालीशिवाय खेळलेलाच नाहीत. चार रात्री तसं खेळून बघा. मग गोष्टीनेही नाही ओढलं, तर बिनदिक्कत काढून टाका. आणि ज्या रात्री अकरा वाजता डोळे मिटत असतील त्या रात्री संगणक लावूच नका. झोपेत खेळलेला चांगला खेळही ओझं वाटतो.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की क्रोज पर्चच्या बॅरनकडे जायचं काम यादीत आठवडाभर पडून आहे, ‘आधी जरा तयारी करून घेतो’ म्हणून. तयारी झाली आहे. आज बसलात की पोतं उघडू नका. घोड्याला हाक मारा, सरळ त्याच्या वाड्यावर जा आणि तो माणूस बायको-मुलीबद्दल काय सांगतो ते ऐका. त्या रात्री किती वाजता झोपलात, ते मला नक्की कळवा.